पस्तीस हजारांतला लॅपटॉप : डिप्लोमा करून पुण्याला निघालेल्या मुलीच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या संगणक प्रयोगशाळेत मी काम करतो. डिप्लोमाचे निकाल लागून थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पालकांचे फोन येऊ लागतात, आणि प्रश्न एकच असतो : लॅपटॉप कुठला घ्यायचा? २०२४ च्या पावसाळ्यातलं हे त्यातलं एक प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि घरच्यांना विचारूनच लिहितो आहे.

मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. वडिलांची गावात पिठाची गिरणी, शिवाय दोन एकर ऊस. ऑगस्टमध्ये उसाच्या घरात रोख पैसा नसतो. कारखान्याचं धुराडं पेटून बिल खात्यावर यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. नेमक्या त्याच ऑगस्टात कॉलेजची फी, कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्याचं) डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे असं सगळं एकदम अंगावर येतं. लॅपटॉपसाठी पतसंस्थेतून ३५,००० रुपये उचलायचे, त्यावर काही नाही, असं घरात ठरलं होतं.

काम कुठलं, हे मी मुलीकडूनच लिहून घेतलं. दुसऱ्या वर्षी जावा, पायथन, मायएसक्यूएल. मधूनमधून व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) लिनक्स. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ आणि प्रोजेक्ट. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. मशीन २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत विनातक्रार चालायला हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षातही चाललं तर सोन्याहून पिवळं. हा एवढा कागद हातात नसेल तर दुकानात पाय ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. काय करायचंय हे ठरलेलं नसलं की दुकानदार ठरवतो.

अडचण

वडिलांचा पहिला फोन खरेदी जवळजवळ उरकूनच आला होता.

"सर, पुण्यात पाव्हण्यांच्या वळखीचं दुकान हाय. आय-सेव्हन देतोय, एक टीबीवाला. बावीस हजारात. तेरा हजार वाचत्यात की. घेऊन टाकू का?"

मी त्यांना दुकानदाराकडून सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानाचा फोटो मागवायला सांगितलं. फोटोत होता इंटेलचा आय७-७५००यू. २०१६ साली आलेला प्रोसेसर, दोन कोअर (हिशेब करणारे भाग) आणि चार थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामं). त्याच कंपनीचा २०२२ चा आय३-१२१५यू हा नावाने खालच्या पायरीवरचा, पण त्यात सहा कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि एकेका कोअरचा वेगही त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा बराच जास्त आहे. ‘आय-सेव्हन’ ही त्या-त्या वर्षातल्या मालाची प्रत झाली. माल कुठल्या वर्षाचा, ते पुढच्या चार-पाच आकड्यांत लिहिलेलं असतं. ७५०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, १२१५ मधले पहिले १२ म्हणजे बारावी.

सातव्या पिढीची दुसरी अडचण जास्त गंभीर होती. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे मुलगी तिसऱ्या वर्षात असताना मशीनची सुरक्षा अपडेट बंद. भरीला ती ‘एक टीबी’ म्हणजे फिरत्या तबकडीची हळू हार्ड डिस्क होती आणि स्क्रीन १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी.

हे सगळं फोनवर सांगताना वडील गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मोटर साडेसात एचपीची हाय, पण दोनदा रिवाइंडिंग झाल्याली." गिरणीवाल्या माणसाला जुनी मोटर घेताना काय विचारायचं ते पक्कं ठाऊक असतं, आणि तेच लॅपटॉपच्या बाबतीत विचारायचं होतं. त्यानंतर मला प्रोसेसरबद्दल त्यांना काही समजावावं लागलं नाही.

समोर आलेले पर्याय

पुढच्या आठवड्यात चार पर्याय कागदावर आले.

सेलेरॉनवाला नवा लॅपटॉप, साधारण २३,००० ला. प्रोसेसर एन४०२० : दोन कोअर, दोन थ्रेड. काही मॉडेलांत साठवण ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे मदरबोर्डवरच कायमची डकवलेली आणि एसएसडीपेक्षा (तबकडी नसलेल्या जलद साठवणीपेक्षा) बरीच हळू. विंडोज आणि तिची अपडेट एवढ्यातच ती बरीचशी भरून जाते. सातवीतल्या मुलाच्या ऑनलाइन तासिकांना हे मशीन चालेल. इंजिनिअरिंगच्या मुलीला ते देऊ नये. हा पर्याय आम्ही दोन मिनिटांत खोडला.

रायझन ३ ७३२०यू, ८ जीबी मेमरी (रॅम), ५१२ जीबी एसएसडी, ३०,००० च्या आतबाहेर. इथे नीट थांबून बघावं लागलं, कारण नावात ‘७०००’ असल्यामुळे हा अगदी ताजा वाटतो. चार कोअर, आठ थ्रेड, बॅटरीला सौम्य. वाईट प्रोसेसर मुळीच नाही. पण रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या त्या वर्षांतल्या क्रमांकपद्धतीत तिसरा आकडा आतल्या रचनेचा असतो. ७३२० मधला तो २ म्हणजे झेन २, २०१९ मध्ये आलेली रचना. याच मालिकेतला ७५३०यू झेन ३ चा आणि सहा कोअरचा आहे, तर ७५२०यू पुन्हा झेन २ चा आणि चारच कोअरचा. दुकानात दोन्हींवर ‘रायझन ५’ हेच स्टिकर दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ७३२०यू फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेतो, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी.

आय३-१२१५यू, ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन. भाव ३४,००० ते ३७,०००. काही मॉडेलांत मेमरीचे दोन स्लॉट, काहींत थोडी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट.

चौथा पर्याय मुलीच्या आत्तेभावाने आणला. तो हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून परत आलेला आणि नीट करून विकला जाणारा, लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० लॅपटॉप घ्यावा, २२,००० ला मिळतो. मोठ्या कंपन्या लॅपटॉप भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात, आणि ती मशीनं लॉटने व्यापाऱ्यांकडे जातात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या पेठांपर्यंत हा माल पोचतो. टी४८० हा २०१८ चा. त्यातला आय५-८३५०यू चार कोअर, आठ थ्रेडचा आणि आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसणारा. मेमरीचे दोन स्लॉट, कीबोर्ड उत्तम, सुटे भाग सहज मिळणारे, टाइप-सी वर चार्ज होणारा.

मला हा पर्याय मनापासून आवडतो. खर्चाची मर्यादा २५,००० असती तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं.

निर्णय कसा झाला

वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. डावीकडे, एकदा घेतलं की बदलता येत नाही किंवा बदलणं परवडत नाही असं सगळं : प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, मेमरीचे स्लॉट आहेत की नाहीत. उजवीकडे, नंतर बदलता येईल असं : स्लॉटमधली रॅम, एसएसडी, पुढेमागे बॅटरी. ऑगस्टमधले पतसंस्थेचे पैसे डाव्या रकान्यावर घालायचे आणि उजव्या रकान्यातलं उसाच्या बिलावर ढकलायचं, असं ठरलं. तोपर्यंत वडिलांचा कल १६ जीबी आताच भरून घ्यायचा आणि प्रोसेसर थोडा हलका घ्यायचा असा होता. ‘मेमरी जास्त’ हे बिलावर उठून दिसतं, म्हणून बहुतेक घरं तसंच करतात. या दोन रकान्यांनी तो कल फिरवला.

रायझन ३ चा पर्याय याच कसोटीवर गेला. ८ जीबीत विंडोज ११ आणि तिच्या सोबतचे प्रोग्राम मिळून तीन-चार जीबी सुरुवातीलाच व्यापतात, काही भाग ग्राफिक्सकडे जातो, आणि उरलेल्यात ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस बसवायचे. दुसऱ्या वर्षी हे कसंबसं चालतं. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइडचं एम्युलेटर (लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन) सुरू केलं की चालत नाही. तेव्हा स्लॉटच नसेल तर नवं मशीन घेण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि वाचलेले चार-पाच हजार मग फार महाग पडतात.

थिंकपॅडवर मात्र खरी चर्चा झाली. आत्तेभावाने मशीन दोन दिवसांसाठी घरी आणलं होतं. त्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या विंडोजमधल्याच कमांडने बॅटरी रिपोर्ट काढायला मी सांगितलं. आतल्या बॅटरीची मूळ क्षमता सुमारे २४,००० मिलीवॉट-तास. आता पूर्ण चार्ज केल्यावर भरत होती १४,००० च्या आसपास. जुन्या मशीनला हे साहजिक आहे, बॅटरी बदलताही येते. एसएसडीचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये चांगलं दिसत होतं. व्यापाऱ्याची वॉरंटी सहा महिन्यांची, तीही दुकानात नेऊन दिली तर.

"दादा, मशीन भारी आहे," मुलगी आत्तेभावाला म्हणाली, "पण सबमिशनच्या आठवड्यात बंद पडलं तर मी कुणाकडं पळू? तू असशील ऑफिसात."

माझ्या दृष्टीने निर्णय इथे झाला. ज्याला मशीन उघडता येतं, सुटा भाग शोधता येतो, एखाद आठवडा दुसऱ्या मशीनवर काढता येतो, त्याच्यासाठी रिफर्बिश्ड हा उत्तम सौदा. पुण्यात पहिल्यांदाच एकटी राहणाऱ्या, घरापासून चार-पाच तास लांब असलेल्या मुलीसाठी कंपनीची वर्षभराची वॉरंटी आणि शहरातलं सर्व्हिस सेंटर यांना किंमत होती. शिवाय २०२७ मध्ये टी४८० नऊ वर्षांचा झाला असता. तिने आय३-१२१५यू निवडला. वडिलांनी मान्य केलं, आत्तेभाऊ जरा नाराज झाला.

दुकानात

खरेदी पुण्यातल्या दुकानातच करायची, असा माझा आग्रह होता, कारण डेमो पीस उघडून बघता येतो. मुलीला मी एकच काम दिलं होतं : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारायची आणि खालच्या बारीक अक्षरांचा फोटो पाठवायचा.

पहिला फोटो आला रायझन ३ च्या मशीनचा. विक्रेता सांगत होता की रॅम सगळ्यांतच वाढवता येते. फोटोत लिहिलं होतं, ‘फॉर्म फॅक्टर : रो ऑफ चिप्स’. म्हणजे सोल्डर केलेली. दुसरा फोटो आय३ चा : ‘स्पीड ३२००’, ‘स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २’, ‘फॉर्म फॅक्टर : एसओडीआयएमएम’, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी सुटी पट्टी. एक स्लॉट मोकळा. हवं होतं ते हेच.

मग खोक्यावरचा पार्ट नंबर डेमो पीसच्या तळाशी असलेल्या नंबराशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघायला सांगितलं. एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळे स्क्रीन आणि मेमरीच्या वेगवेगळ्या मांडण्या विकतात. फरक फक्त त्या शेपटात असतो. नंबर जुळले. भाव ३६,९९० सांगितला होता, घासाघीस होऊन बॅगेसह ३४,८०० ला आला. अँटिव्हायरसचे वेगळे ९०० रुपये मागितले, ते नाकारले. विंडोजमध्येच डिफेंडर असतो आणि विद्यार्थ्याच्या कामाला तो पुरतो. बिल जीएसटीसह, मुलीच्या नावाने आणि सिरीयल नंबर लिहून घेतलं.

शेवटी विक्रेत्याने सवयीने मशीन सुरू करून स्वतःच तयार केलेल्या ईमेलने विंडोजचं खातं उघडायला घेतलं. तिने ते थांबवलं. हे थांबवणं फार गरजेचं आहे. मशीनसोबत आलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस ज्या खात्यावर चालू होतं, त्या खात्याचंच राहतं. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) चालू झालं तर तिची रिकव्हरी की सुद्धा त्याच खात्यात जाते. सहा महिन्यांनी मशीन निळ्या पडद्यावर की मागतं आणि ती की दुकानातल्या कुणाच्या तरी विसरलेल्या ईमेलमध्ये पडून असते. आमच्या प्रयोगशाळेत अशी मुलं रडकुंडीला येऊन बसलेली मी पाहिली आहेत; त्यांचा सगळा डेटा जातो.

पुढे काय झालं

पहिलं सत्र ८ जीबीवर गेलं. जावा, डेटाबेस, ब्राउझरमधले आठ-दहा टॅब इथपर्यंत अडचण आली नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवताना मात्र मशीन अडखळायचं, म्हणून तिने तेवढ्या प्रात्यक्षिकांसाठी विंडोजमधलंच डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, वापरलं. ते हलकं पडतं आणि अभ्यासक्रमातल्या बहुतेक कमांड त्यात चालतात.

उसाचं बिल जानेवारीअखेर आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ८ जीबीची डीडीआर४-३२०० लॅपटॉप रॅम १,७०० रुपयांना घेतली. वॉरंटीचा वाद नको म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बसवून घेतली. १६ जीबी झाली हे उघडच, पण दोन्ही स्लॉट भरल्यामुळे मेमरी दुहेरी मार्गाने चालू लागली, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचाही फायदा होतो. एकूण खर्च ३६,५००. घरात ठरलेल्या आकड्यापेक्षा दीड हजार जास्त, पण पतसंस्थेच्या कर्जात तो धरावा लागला नाही.

तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ आला. १६ जीबीवर एम्युलेटर चालतो. तरी ती बहुतेक वेळा स्वतःचा फोन केबलने जोडून ॲप त्यावरच तपासते. ८ जीबीत अडकलेल्या मुलांना मी हाच मार्ग सांगतो. फोन खराखुरा असतो आणि लॅपटॉपवरचा सगळ्यात मोठा भार उतरतो.

आत्तेभावाने तो टी४८० अखेर स्वतःच ठेवून घेतला आणि बॅटरी बदलली. तोही उत्तम चालतो आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्क्रीन. या खरेदीतली उणी बाजू हीच राहिली. डाव्या रकान्यात ‘स्क्रीन’ लिहिलं होतं, पण दुकानात ‘फुल एचडी’ एवढं बघून सगळे पुढे सरकले. पॅनेल टीएन प्रकारचं निघालं : जरा बाजूने पाहिलं की रंग उलटतात, उजेड जेमतेम २५० निट्सचा (निट हे उजेडाचं माप), खिडकीशेजारी बसलं की अक्षरं फिकी दिसतात. दिवसाचे सहा-सात तास त्यावर कोड वाचायचा आहे. हजार-दीड हजार जास्त घालून आयपीएस पॅनेलचं (बाजूने पाहिलं तरी रंग टिकणारं) मशीन त्याच दुकानात उपलब्ध होतं, आणि तपासणं अवघड नव्हतं : पांढरं पान उघडायचं, झाकण मागे-पुढे करायचं, बाजूने आणि वरून बघायचं. रॅमच्या फोटोंसोबत हीही पाहणी तिच्या कागदावर असायला हवी होती. आता ती सेकंडहँड मॉनिटर बघते आहे. म्हणजे तो खर्च टळला नाही, पुढे गेला.

आकार. १५.६ इंच घेताना ‘मोठा म्हणजे चांगला’ हे घरात गृहीत होतं. पीएमपीच्या बसमधल्या गर्दीत रोज पाठीवर घेऊन जाणाऱ्याला १४ इंच सोयीचा. मुलीला आधीच विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं.

आणि मेमरी मागे ठेवण्याचा निर्णय. तो इथे चांगला ठरला, पण त्याला मुदत असते. २०२५ च्या मध्यापासून डीडीआर४ चे भाव चढू लागले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्या जुन्या प्रकाराचं उत्पादन आवरतं घेऊ लागल्या. वर्षाच्या अखेरीला एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की सगळ्याच रॅमचे भाव भडकले. तिच्याच वर्गातल्या एका मुलाने तसंच मशीन घेऊन रॅम डिसेंबर २०२५ पर्यंत लांबवली; त्याला त्याच ८ जीबीला दुपटीहून जास्त मोजावे लागले. यंदा विचारणाऱ्या पालकांना मी दोन रकाने तेच सांगतो, पण उजव्या रकान्यात रॅमसमोर त्या दिवसाचा भाव लिहून घेतो. ८ आणि १६ जीबीच्या तयार मॉडेलांतला फरक सुट्या रॅमच्या भावापेक्षा कमी निघाला, तर १६ जीबीचंच घ्यायला सांगतो, मोकळा स्लॉट असो वा नसो.